काचेवरचा थेंब

धानाची कापणी सुरू झाली तेव्हा सावली गावात इंदुताईंच्या घरी दोन परदेशी पाहुणे उतरले. दोघंही नागपूरला डॉक्टरकी शिकत होते. किमानी केनियाचा, उंच, काळाभोर, गडगडून हसणारा. तान मलायाचा, चणीनं लहान आणि अबोल. सुट्टीत वसतिगृहाची खानावळ बंद आणि घरं समुद्रापार, म्हणून त्यांच्याच वर्गात असलेल्या इंदुताईंच्या पुतण्यानं त्यांना काकूकडे पाठवलं होतं.

इंदुताईंचे यजमान बापूजी शाळेत मास्तर. घरी मूलबाळ नव्हतं. त्यामुळे किमानीनं पहिल्याच दिवशी ‘आई’ म्हणून हाक मारली तेव्हा इंदुताईंना काय करू नि काय नको असं झालं. लाखोरीच्या डाळीचे वडे खाऊन तो म्हणायचा, “मले अजून पायजे!” शेजारची गुणाबाई तोंडाला पदर लावून हसायची.

किमानीच्या मुलखात रक्ताचा एक आजार होता. हाडं ठणकायची, पोरं वाळत जायची. या भागातही तो असावा, अशी त्यांच्या प्राध्यापकांना शंका होती. तान पोरांच्या बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा. गुणाबाईची नात चंदा हिचे गुडघे सारखे दुखायचे. गुणाबाईनंच तिला सगळ्यात आधी आणलं. मग गल्लीतली बाकीची पोरं आली.

इंदुताई नागपूरच्या एका साप्ताहिकात अधूनमधून लिहायच्या. त्यांनी पाहुण्यांवर लेख पाठवला. वडे, हसणं, काचेच्या पट्ट्या, सगळं लिहिलं. शेवट काही केल्या जमेना. मग त्यांनी लिहिलं, ‘आमच्या लेकरांचं रक्त आता समुद्रापार जाईल.’ वाक्य त्यांना फार आवडलं.

लेख छापून आला. पत्रूच्या चहाच्या हॉटेलात तो मोठ्यानं वाचला गेला.

त्या दिवसांत गावाजवळच्या नाल्यावर पूल बांधणं चाललं होतं. पावसाळ्याआधी पायाच्या खड्ड्यात दोन मजूर दबले होते. ठेकेदारानं त्यांना बाहेर काढलंच नाही, वरून मातीच लोटली, असं लोक म्हणत. चौकशीला कोणी आलं नाही. पूल अजून माणसं मागतो आणि हे पाहुणे त्यासाठीच पोरं हेरतात, हे मग बायका विहिरीवर हळू आवाजात बोलू लागल्या.

दुसऱ्या दिवशी गुणाबाई आली ती दारातच उभी राहिली.

“बाई, तुमी लिवलं ते खरं हाये का? आमच्या पोरीचं रक्त नेऊन राह्यले मनून?”

“अगं, थेंबभर तर आहे. तपासायला.”

“थेंबभर काऊन लागते त्याइले?”

इंदुताई समजावत राहिल्या. गुणाबाई मान हलवत ऐकत होती, पण बसली नाही.

त्यानंतर गवळी येईनासा झाला. इंदुताई विहिरीवर गेल्या की बायका घागरी उचलून निघत. किमानी बांधावरून गेला की कापणीची गाणी थांबत.

“आई, लोग अब हँसते नहीं,” तो एकदा म्हणाला. मग थांबत थांबत त्यानं सांगितलं, की त्याच्या गावात गोरे शिपाई यायच्या आधी असंच व्हायचं. आधी माणसं गप्प व्हायची.

“तुम्ही दोघं उद्याच निघा,” बापूजी म्हणाले.

“उद्या बाजार आहे. परवा जाऊ द्या, शिदोरी करून देते,” इंदुताई म्हणाल्या.

बाजाराच्या दिवशी सकाळी बाजारात गेलेली चंदा घरी परतली नाही.

दुपारी बापूजी शाळेत होते. गुणाबाईचा मुलगा मुखरू शेतातून तसाच आला, हातात विळा घेऊन. मागे गल्ली भरली होती.

“माही पोरगी दे, इंदुताई.”

“मुखरू, चंदा इथं नाही. आत येऊन बघ.”

लोक आत घुसले. तांदळाची कोठी उलटी केली, अंथरुणं उसकटली. तानची पेटी सापडली. मुखरूनं ती उघडली. काचांवर वाळलेले तपकिरी डाग होते.

“यातली माही पोरगी कोणती?” त्यानं विचारलं.

तानला शब्द कळले नसावेत, पण तो समजला. त्यानं एक पट्टी शोधून दिली. मुखरूनं ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. बाकीच्या पट्ट्या कोणीतरी दगडावर आपटल्या. तान त्या वाचवायला वाकला आणि बाजूनं तोंडावर काठी बसली.

त्याच्या डोळ्यातून रक्त आलं. ते बघून सगळे जागच्या जागी थिजले. किमानीनं त्याला उचललं आणि गर्दीतून चालू लागला. लोक बाजूला झाले. वाटेत बापूजी भेटले. त्यांनी बैलगाडी करून दोघांना मूल गावच्या स्टेशनवर नेलं.

दिवस मावळायच्या आत चंदा आली. बाजारातूनच आत्याच्या गाडीत बसून तिच्या गावी गेली होती. आत्याला वाटलं, घरी ठाऊक असेल.

मुखरू इंदुताईंकडे आला नाही. कोणीच आलं नाही. पुतण्याकडून कळलं, की तानचा एक डोळा गेला आणि तो शिक्षण सोडून मायदेशी परतला. इंदुताई खरं काय झालं ते लिहायला बसल्या. पण लिहायचं तर मुखरूचं नाव येणार, मग पोलीस गुणाबाईच्या दारात. त्यांनी कागद चुलीत घातला.

माघात देवीची लस टोचणारे सरकारी लोक गावात आले. सुई बघताच पोरं आत ओढली गेली. इंदुताई धावतच गुणाबाईकडे गेल्या.

“गुणाबाई, चंदाला टोचून घे. पलीकडच्या गावात देवीचे रोगी निघालेत. ही वेगळी सुई आहे.”

गुणाबाईच्या आवाजात राग नव्हता. “बाई, तवाई तुमी असंच सांगतलं होतं.”

आतून कडी लागली. इंदुताई पुढच्या घराच्या दाराकडे वळल्या. ते त्यांच्या डोळ्यांदेखत बंद होत होतं.