पट्ट्याला पाडलेले भोक

पहाटे पावणेपाचला मोबाइलचा गजर वाजण्याआधीच शिवकुमारला जाग आली. तो लगेच उठला नाही. पांघरुणाच्या आत त्याने दोन्ही पायांची बोटे दहा वेळा आत वळवली, दहा वेळा बाहेर ताणली आणि मग डावा पाय आधी जमिनीवर टेकवला. उजव्यावर एकदम भार द्यायचा नाही, अशी सवय त्याने गेल्या आठ महिन्यांत लावून घेतली होती. पलंगापासून दिव्याच्या बटणापर्यंत तीन पावले होती. पहिल्या दोन पावलांना काही कळत नसे. तिसऱ्या पावलाला उजव्या पोटरीत, आत हाडाला लागून, कुणीतरी ओले फडके पिळावे तसे व्हायचे आणि आजचा दिवस कसा जाणार ते त्याला समजायचे.

आजही तसेच झाले.

स्वयंपाकघरात त्याने पाणी गरम करत ठेवले आणि फळीवरचे लाटणे काढले. घरात दोन लाटणी होती. लाल दोरा बांधलेले लाटणे पायाचे होते, ते पोळ्यांना वापरायचे नाही, असा त्याच्या बायकोचा, सिद्धेश्वरीचा, नियम होता. खुर्चीवर बसून त्याने ते पोटरीवरून वर-खाली दाबत फिरवले. दुखऱ्या जागेवर आले की तो श्वास रोखून धरी. मग तो फ्रिजपाशी गेला. दारावर चुंबकाने लावलेल्या कागदावर त्याला रोज सकाळी दुखणे दहापैकी किती, ते लिहायचे होते. धावणाऱ्यांच्या गटातल्या सोनमने, जी फिजिओथेरपिस्ट होती, तो कागद आखून दिला होता आणि त्याचा फोटो दर आठवड्याला तिला जाई. शिवकुमारने क्षणभर विचार केला आणि तीन लिहिले.

"काल तीन, परवा तीन," मागून सिद्धेश्वरीचा आवाज आला. ती दारात केस बांधत उभी होती. "पाय सरकारी आहे वाटतं तुमचा. आकडा हलतच नाही."

"म्हणजे पाय स्थिर आहे."

"पाय नव्हे, पेन स्थिर आहे. खरं किती?"

"सहा असेल."

"मग सहा लिहा की! ती बिचारी त्या कागदावर औषध ठरवते."

शिवकुमारने आकडा तसाच ठेवला. त्याने बुटांच्या नाड्या बांधल्या आणि खाली उतरला.

तो एकोणपन्नास वर्षांचा होता आणि एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षे परिचर होता. ती नोकरी काकांच्या ओळखीने मिळाली होती. लग्न थोरल्या बहिणीने ठरवले होते. आणि वडिलांकडून, म्हणजे गुरुसिद्धप्पा ऊर्फ आप्पांकडून, त्याच्याकडे काठी आली होती.

जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत निघणारा नंदीध्वज घरीदारी सगळ्यांच्या तोंडी काठीच असे. ती तीस फुटांहून उंच होती, सजवली की आणखी जड व्हायची. कमरेच्या जाड पट्ट्याला पुढे चामड्याची वाटी असते, तिच्यात काठीचा बुंधा बसतो आणि सगळा भार एका माणसाच्या कमरेवर आणि पायांवर येतो. बाकीचे चहूबाजूंनी दोर धरून तोल सांभाळतात. आप्पांनी एकोणीस वर्षे पट्टा बांधला आणि त्यांच्यानंतर शिवकुमारने बावीस. आता महिनाभर रोज संध्याकाळी मैदानात साध्या काठीवर सराव चालू होता.

धावणे मात्र त्याला कुणी दिले नव्हते. चार वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितले, म्हणून तो कंबर तलावाला फेऱ्या मारू लागला. एक दिवस चालण्याचा कंटाळा आला म्हणून थोडे पळून पाहिले. छाती फुटायची वेळ आली, पण घरी येताना त्याला आपण काहीतरी लपवून आणल्यासारखे वाटत होते. मग दहा किलोमीटर झाले, एकवीस झाले. या जानेवारीच्या पहिल्या रविवारी शहरातल्या शर्यतीत तो पहिल्यांदाच बेचाळीस धावणार होता. यात्रा त्यानंतर आठवड्याभराने.

पाय दुखू लागल्यावर सोनमने स्पष्ट विचारले होते, "काका, काठी यंदाही आहे का? दोन्ही जमणार नाही." त्याने काठी सोडल्याचे सांगितले. सरावाच्या मैदानात दोर धरणाऱ्या मल्लेशने त्याला लंगडताना पाहिले आणि विचारले, "शिवण्णा, पळणं अजून चालूच आहे काय?" त्याने पळणे सोडल्याचे सांगितले. दोन्ही उत्तरे त्याने इतक्या सहज दिली, की घरी आल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण त्यामुळे दोन्हीकडचे विचारणे थांबले, आणि थकलेल्या माणसाला तेवढेच पुरे असते. खरे काय ते सिद्धेश्वरीला तेवढे ठाऊक होते.

रविवारी तीस किलोमीटर होते. गट साडेचारला अक्कलकोट रस्त्याने निघाला. वळसंगच्या अलीकडून वळायचे आणि परत यायचे. जाताना थंडी होती, कुंभारीच्या पुढे तुरीच्या रानावर दव होते आणि पाय गरम झाल्यावर दुखणे बोथट झाले. परतीला निघताना तर त्याला वाटले, आज जमतेय. बाकीचे पुढे गेले होते. त्याला त्याची खंत नव्हती, तो नेहमीच मागे असे.

तेविसाव्या किलोमीटरला पाय गेला.

आधी कळ नाही, सूचना नाही. उजवे पाऊल टेकले आणि त्याच्याखाली काही उरलेच नाही. तो पुढच्या पुढे कोसळला. तळहात खरचटले, गुडघा आपटला. कसाबसा सरपटत तो मोरीच्या कठड्यापर्यंत गेला आणि त्यावर बसला. पोटरी दगडासारखी झाली होती. बाटलीतले उरलेले पाणी त्याने तिच्यावर ओतले.

बऱ्याच वेळाने मागे कडब्याचा भारा बांधलेली एक मोटारसायकल येऊन थांबली. गाडीवरच्या म्हाताऱ्याने त्याच्या चट्ट्यापट्ट्यांच्या बनियनकडे आणि बुटांकडे नीट पाहून घेतले.

"काय पाव्हनं, कुनी मागं लागलं हुतं काय?"

"नाही हो. पळत होतो. पाय धरला."

"कुटनं पळत आला?"

"सोलापूरहून."

"आन् चाललाय कुटं?"

"सोलापूरला."

म्हाताऱ्याने गाडी बंद केली. हे नीट ऐकून घ्यायला हवे, असे त्याला वाटले असावे. "म्हंजे हुता तितंच चाललाय. मग घरीच बसला असता तर पाय न्हाय, पेट्रोल न्हाय, काईच लागलं नसतं की."

इतक्या वेदनेतही शिवकुमारला हसू आले.

"हसतंय बघा. लई शिकल्याली मानसं तुमी. बसा मागं, कडबा धरा घट्ट. मी कोंडीबा. सासुरवाडीच्या म्हशीला वैरन न्यायलोय."

कडब्याच्या भाऱ्याला धरून, उजवा पाय लोंबकळता ठेवून शिवकुमार शहराकडे निघाला. पानांची टोके गालाला टोचत होती. कोंडीबा म्हशीच्या दुधाविषयी काहीतरी सांगत होता. शिवकुमारला ते ऐकू येत नव्हते. त्याच्या मनात तो पायाखाली काही न उरल्याचा क्षण पुन्हा पुन्हा येत होता. इथे मी पडलो, आणि कठड्यावर बसलो, असे तो मनाशी म्हणत होता. बसता आले. काल संध्याकाळी सहा वाजता पट्ट्याच्या वाटीत काठी होती. सरावाच्या मैदानात कडेला कुणाच्या तरी कडेवर लेकरे होती. यात्रेत तर दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती असतात, बायका मुलांना पुढे काढून उभ्या असतात. दोरवाले एका बाजूला कललेली काठी सावरतात. खालचा माणूसच बसला तर ते काय सावरणार?

आठ महिने तो या पायाकडे फक्त आपलेच दुखणे म्हणून पाहत आला होता.

गट जिथे थांबायचा त्या चौकात सोनम पाण्याचे ग्लास भरत होती. कडब्यावरून उतरणारा शिवकुमार दिसताच ती धावत आली. तिने त्याला फुटपाथवर बसवले, बूट काढला, दोन अंगठ्यांनी पोटरी चाचपली. एका जागी तो ओरडलाच.

"हे तीन?" सोनम म्हणाली. "काका, कागदावर रोज तीन आहे."

"सोनम, मी काठी सोडलेली नाही."

ती उठून उभी राहिली. मग म्हणाली, "मी तुमच्या आकड्यांवर व्यायाम वाढवत गेले. चूक माझीही झाली, घरी येऊन बघायला हवं होतं."

"तुझी नाही."

"दहा दिवस पळणं बंद. मग बघू. बेचाळीसचं मी आज काहीच सांगू शकत नाही. कदाचित होईल, कदाचित पहिल्या दहातच थांबावं लागेल. आणि काठीचं…"

"काठीचं मी बघतो," शिवकुमार म्हणाला.

घरी आंघोळ करून तो पुढच्या खोलीत आला तेव्हा आप्पा खिडकीशी खुर्चीत बसले होते. एकोणऐंशी वर्षांच्या त्या माणसाचे गुडघे आता त्यांना संडासापर्यंतसुद्धा धड नेत नव्हते. पण सराव सुरू झाला की रोज संध्याकाळी ते सिद्धेश्वरीला रिक्षा बोलवायला लावत आणि मैदानाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसत.

शिवकुमार त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. पाय लांब करावाच लागला.

"आप्पा, यंदापासून पट्टा मी बांधणार नाही."

आप्पांनी पायाकडे पाहिले. "कुणाला देतोस?"

"मल्लेशला. सहा वर्षं दोर धरतोय."

"पळणं सोडणार?"

"नाही. पाय देईल तेवढं पळेन."

"म्हणजे पळायला पाय आहे, काठीला नाही." आवाज चढला नव्हता. त्यामुळेच ते जास्त लागले.

"पळताना पडलो तर मीच पडतो, आप्पा. आज पडलो."

सिद्धेश्वरी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारातच थांबली. आप्पा खिडकीबाहेर पाहू लागले. समोरच्या गच्चीवर कुणीतरी वाळत घातलेल्या चादरी वाऱ्याने एकमेकींत गुंतल्या होत्या.

"लोकांपुढं मी काय सांगू? पोराला हौस मोठी झाली म्हणू?"

"पाय भरवशाचा नाही, एवढंच सांगा. खरं तेच आहे."

"आठ महिने नव्हतं ते खरं?"

शिवकुमारने पोटरी दाबून धरली. बरेच काही सांगता आले असते, धावताना काय वाटते तेही. पण त्या खोलीत ते सांगण्याजोगे वाटेना.

"साकु," आप्पा शेवटी कानडीत म्हणाले. पुरे, असे ते भांडण मिटवताना नव्हे, थकल्यावर म्हणत. "मल्लेशची कंबर बारीक आहे."

"हो."

"भोक पाडावं लागेल. खिळ्यानं पाडू नकोस, चामडं चिरतं. दाभण माझ्या पेटीत आहे. खाली लाकूड ठेव."

एवढे बोलून त्यांनी डोळे मिटले.

दुपारी शिवकुमार स्वयंपाकघराच्या फरशीवर पट्टा घेऊन बसला. चामड्यावर आप्पांच्या कमरेची भोके होती आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूला त्याच्या स्वतःच्या कमरेची. नवे भोक बरेच आत पडणार होते. त्याने सुताने अंतर मोजले, पेन्सिलीने खूण केली आणि लाल दोऱ्याचे लाटणे खाली आधाराला ठेवून दाभण दाबली. चामडे जुने, तेल पिऊन मऊ झालेले, तरी सहज भोसकले जाईना. सिद्धेश्वरीने पट्ट्याचे दुसरे टोक धरले.

"आप्पा आज येतील का मैदानात?" त्याने विचारले.

"रिक्षा नको म्हणाले."

त्याने मान हलवली आणि दाभण पुन्हा दाबली.

संध्याकाळी साडेपाचला तो मैदानात पोहोचला तेव्हा मल्लेश काठीचा बुंधा पुसत होता. बत्तीस वर्षांचा, गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान चालवणारा, सडपातळ माणूस. शिवकुमारला लंगडत येताना पाहून तो ओरडला, "या शिवण्णा! आज काय तीन पायांवर?"

"आज दीडच आहे. हे घे, तू बांध."

"चेष्टा करू नका. मला दोनदा गुंडाळायला लागेल तो."

"बघ तर बांधून."

मल्लेशने हसत पट्टा कमरेला लावला, बक्कल ओढले, आणि काटा नव्या भोकात बरोबर बसला. त्याने खाली पाहिले. भोकाची कड कोरी, फिकी होती. त्याचे हसणे थांबले.

"हे कधी पाडलं?"

"दुपारी. आणि ऐक, पळणं मी सोडलं नव्हतं. तुला खोटं सांगितलं."

मल्लेशने आजूबाजूला पाहिले. बाकीचे दोर सोडवत होते. "पळण्यापायी काठी टाकली म्हणतील, शिवण्णा. आमच्या घरातलेच म्हणतील."

"म्हणतील."

"मग?"

"मग काही नाही. गुडघे थोडे सैल ठेव, पाठ नको वाकवू. चालताना जमिनीकडे बघायचं नाही, समोर बघायचं."

त्याने मल्लेशच्या पट्ट्याची वाटी हाताने दाबून पाहिली, बक्कल पुन्हा एकदा ओढले आणि मागच्या उजव्या बाजूचा दोर हातात घेतला. त्या जागी दोर धरणाऱ्याला हळू चालले तरी चालते, आणि पाय गेला तर दोर शेजारच्याच्या हाती देऊन कडेला होता येते.

काठी उभी राहिली. मल्लेशच्या पायांना पहिला भार कळला तेव्हा तो किंचित डगमगला आणि सावरला. चौघांनी दोर ताणले. बावीस वर्षांत शिवकुमारने काठीचा शेंडा चालताना कधी पाहिला नव्हता. पट्टा बांधलेल्याला वर पाहता येत नाही. आता तो मान वर करून पाहत होता. शेंडा डावीकडे झुकू लागला होता.

"मल्लेश, थांब," तो म्हणाला आणि दोर हातभर आपल्याकडे ओढला. "हं. आता चल."