चौदा दाते

"माननीय महोदय, आपल्या अमूल्य वेळात व्यत्यय आणल्याबद्दल क्षमस्व," बाबा सांगतात आणि मी टाइप करते. माझी सुट्टीची दुपार अशी वाया जाते. नुसतं 'तुमच्या तिकिटाची माहिती चुकली आहे' एवढं कळवायला आधी पाच ओळींची मनधरणी.

बाबांचे डोळे अधू झालेत, बोटं थरथरतात, म्हणून टायपिस्ट मी. ऑनलाइन दुकानांत लोक दीपस्तंभाचं जुनं टपाल तिकीट 'पहिली छपाई' म्हणून चढ्या भावाने विकायला ठेवतात. पहिल्या छपाईच्या तिकिटाला खालच्या कडेला चौदा दाते, दुसऱ्या छपाईच्या तिकिटाला पंधरा. बाबा फोटो पडदाभर मोठा करतात, भिंग लावून एकेक दाता मोजतात आणि नम्रपणे कळवतात. लोक काय, आभार मानणार आहेत थोडेच? एकाने लिहिलं, 'काका, आराम करा.' दोघांनी तर सरळ तक्रारी ठोकल्या. संकेतस्थळाने बजावलं, आणखी एक तक्रार आली की खातं कायमचं बंद.

"बाबा, आता पुरे," मी म्हटलं. "लोक फसतायत तर फसू देत."

"अगं, पण माहीत असून गप्प बसायचं?"

आई गेल्यापासून हा माणूस दाढी करतो ती या पत्रांसाठी. खातं गेलं की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहतील दिवसभर. हे मला लख्ख दिसत होतं आणि त्यांना कळतच नव्हतं. त्याचाच जास्त संताप यायचा.

त्या रविवारी पुन्हा एक सापडलं. पंधरा दाते. बाबांच्या हट्टापायी 'कृपया गैरसमज नसावा' हे मी दोनदा घातलं आणि जीव मुठीत धरून पत्र पाठवलं. दहाच मिनिटांत उत्तर.

'नमस्कार. हे तिकीट माझ्या दिवंगत वडिलांच्या संग्रहातलं आहे. जाणकाराकडून तपासून घेतलेलं आहे. मागच्या बाजूचा फोटो जोडतो.'

तिकिटाच्या मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'तपासले. पहिली छपाई.' खाली सही. ती सही माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर आहे. मी फोटो मोठा केला, लहान केला. सही बाबांचीच.

"काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं.

काहीतरी थाप मारावी असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मी वाचून दाखवलं.

बाबांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "पूर्वी संग्राहक मंडळात लोक पिशव्या भरभरून तिकिटं आणायचे माझ्याकडे तपासायला. नसतील मोजले मी दाते. नुसता रंग बघून लिहून दिलं असेल." त्यांनी चष्मा पुसला. "घे लिहून. चूक तुमची नाही, माझी आहे."

"तो चिडेल, बाबा. तक्रार करेल. खातं जाईल."

"जाऊ दे. लिही तू."

या वेळी ना माननीय, ना क्षमस्व. तीन ओळींचं पत्र गेलं. बाबा तोंड धुवायला आत गेले आणि उत्तर आलं.

'साहेब, तक्रार नाही. पण माझ्या वडिलांनी अख्खा संग्रह तुमच्या सहीच्या भरवशावर जमवला होता. एकशे बारा तिकिटं. प्रत्येकामागे तुमचीच पेन्सिल आहे. शेवटच्या आजारपणात तिकिटांची वही उशाशी घेऊन झोपायचे. आता यातलं खरं कुठलं मानू, तेवढं सांगा.'

मी दोनदा वाचलं. आतून नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"आलं का गं उत्तर?"

"नाही अजून."

"येईल. माणूस सभ्य दिसतो," बाबा म्हणाले, आणि टॉवेलने हात पुसत माझ्या शेजारी येऊन वाट बघत बसले.