तीन मिलिमीटरची फट

संजीवच्या बाथरूममधला आरसा दोन वर्षं जमिनीवर टेकून उभा होता, कारण भिंतच म्हणे ओळंब्यात नव्हती. पुस्तकांच्या फळ्या कापून, घासून पलंगाखाली पडल्या होत्या. असा एखादा गृहस्थ आपल्याही घरात असतो. नसेल तर आपणच तो असतो. संजीव मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणी विभागात होता. ‘करायचं तर परफेक्ट, नाहीतर हातच लावायचा नाही,’ हे तो मोठ्या अभिमानाने सांगे.

घरात हे खपून जाई. पण चेन्नईजवळच्या तांबरममध्ये तो राहत होता त्या इमारतीत तळमजल्यावर सगळ्यांच्या कुमुदिनीमामी राहत. घराणं मूळ तंजावरचं मराठी, आणि त्यांनी तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं. खुब्याचं हाड मोडलं आणि मामी चाकाच्या खुर्चीत आल्या. दाराबाहेर तीन पायऱ्या होत्या. “चौघांनी उचलून न्यायला मी कपाट आहे की काय?” असं म्हणून त्या घरातच बसल्या. ऑगस्टमध्ये संजीव आपण होऊन म्हणाला, “मामी, मी लाकडी रॅम्प करून देतो.” आता जानेवारी लागला होता. रॅम्प तीनदा जोडला गेला आणि तीनदा खोलला गेला.

रविवारी मामींच्या थोरल्या बहिणीचा, चंद्रिकाअक्कांचा ऐंशीवा वाढदिवस होता, आणि मामींना तिथे जायचं होतं. शनिवारी दुपारी संजीवने रॅम्प दाराशी लावला. छान बसला. मग त्याने खिशातून फट मोजायची पातळ पट्टी काढून रॅम्प आणि उंबरठा यांच्यामध्ये घातली. डावीकडे ती आत शिरेना. उजवीकडे मात्र तीन मिलिमीटरची फट निघाली, आणि त्याचा चेहरा पडला.

“त्या फटीतून मामी पडणार आहेत का?” नीलमने नवऱ्याला विचारलं.

“पडणार नाहीत. पण दिसतंय ना! इमारतीतले लोक बघतील, म्हणतील हा कसला इंजिनिअर.”

तो मामींना सांगायला आत गेला. बाजूच्या खुर्चीवर इस्त्रीची पट्टूची, म्हणजे रेशमी साडी घडी करून ठेवली होती. ती पाहून त्याला बोलवेना, तरी बोलला. “मामी, उद्या नाही जमणार. अजून आठवडा द्या.”

“तुटेल का तो?”

“नाही. दीडशे किलो ठेवून पाहिलंय.”

“चाक अडकतं?”

“नाही. पण थोडी फट राहिलीय. मला तुम्हांला परफेक्ट द्यायचा होता.”

“परवाइल्ले, असू दे. बैस.” मामींच्या मराठीला तमिळचा हेल होता. “हा तुझा शब्द लॅटिनमधून आला, कन्ना, बाळा. त्याचे दोन तुकडे. एकाचा अर्थ पार, दुसऱ्याचा करणं. पार पाडलेलं, शेवटाला नेलेलं, ते परफेक्ट. डाग नसलेलं, हा अर्थ आम्ही मास्तरांनीच तुमच्या डोक्यात जास्त भरला. तुझा रॅम्प परफेक्ट नाही हे खरंच. पण फटीमुळे नव्हे. मी अजून त्यावरून उतरले नाही म्हणून.”

संजीवने हातातली पट्टी खिशात ठेवली.

“डिसेंबरच्या कचेऱ्या, गाण्याच्या मैफली रे, ह्या वर्षी फोनवर ऐकल्या,” मामी म्हणाल्या. “पन्नास वर्षांत पहिल्यांदा सभेत जाऊन गाणं ऐकलं नाही. तुझा राग नाही आला रे. वाट मात्र फार पाहिली.”

संजीवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला रॅम्पचा प्रत्येक स्क्रू ठाऊक होता, पण डिसेंबर कधी सरला हे ठाऊक नव्हतं. कुणासाठी चाललं होतं हे सारं! मामींसाठी म्हणता म्हणता तो आपलंच नाव जपत बसला होता. बाहेर येऊन त्याने रॅम्प तसाच राहू दिला आणि स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला.

रविवारी सकाळी मामी पट्टूची साडी नेसून निघाल्या. फटीवर चाक टक् वाजलं, खुर्ची उतरली, आणि मामी फाटकाबाहेर पडल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदाच.

मंडळी, काम नीट करावं, यात दुमत नाही. पण ज्याच्यासाठी ते करायचं तो माणूस ताटकळत बसला असेल, तर त्या काटेकोरपणाला गुण म्हणू नये. आधी काम पार पाडावं. फट मागाहूनही बुजवता येते.

संजीवने ती अजून बुजवलेली नाही. संध्याकाळी टक् असा आवाज येतो, आणि मामी फिरून आल्या हे त्याला वरच्या मजल्यावर कळतं.