कात्रीने कापलेली अळंबी

"काय खाल्लं होतं मुलीनं?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा कादंबरी पूर्णिमाच्या मांडीवर चौथ्यांदा ओकली होती. साडेतीन वर्षांची पोर, ओठ पांढरेफटक, मान टाकलेली. खोटं बोलायचं तर आधी विचार करावा लागतो म्हणतात. पूर्णिमाला क्षणभरही लागला नाही.

"अळंबी. रानातली. आमच्या बाईंनी त्यांच्या गावाहून आणलेली."

शेजारी उभ्या अभिनवनं कपाळावर हात मारला. "तरी मी म्हणत होतो! कुत्र्याच्या छत्र्या आणून घालतेय ती बाई आपल्या पोरीला."

पूर्णिमानं मुलीचे ओठ पुसले. बाईंनी अळंबी आणली होती, हे खरंच होतं. पण कढईत पडली ती सगळीच काही त्यांनी आणलेली नव्हती.

गोदाबाई खडकवासल्याच्या पुढच्या एका गावातून सकाळच्या पहिल्या बसने यायची. आधी वरच्या मजल्यावर सुनीतीबाईंकडे भांडी, मग आठ ते सहा कादंबरीला सांभाळणं. दोन वर्षं झाली होती. तिच्या जिवावर पूर्णिमा नोकरी करत होती. पूर्णिमा मूळची भंडाऱ्याची, बॉटनीत फर्स्ट क्लास. आणि आता कानाला हेडफोन लावून अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोललेले रिपोर्ट दिवसभर टाइप करायची. अभिनवची कंपनी हिंजवडीला, त्याची बस सातलाच निघून जायची. बॉटनीची वही माळ्यावर गेली होती. तिला त्याचं वाईट वाटतं, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

श्रावणात एका रविवारी गोदाबाई तिला घेऊन डोंगरात गेली. वारुळांवर पांढऱ्या छत्र्या वर आल्या होत्या. भंडाऱ्याकडे ह्यांना सात्या म्हणतात. लहानपणी पूर्णिमाची आई बाजारातून पानात बांधून आणायची. तिला वाटलं, हे तर आपल्याला येतंच.

गोदाबाईची रीत वेगळी होती. ती गुडघ्यांवर बसायची, दोन बोटं मातीत खुपसायची आणि दाताची कवळी काढावी तशी हळूहळू अळंबी वर ओढायची. छत्रीखाली वीतभर मुळी निघायची, उंदराच्या शेपटीसारखी.

"शेपूट वारुळात गेली असंल तर ती आपली. शेपूट न्हाई ती वाऱ्यावरची. एकेक काढायची, एकेक बघायची. मूठ भरायची न्हाई."

पूर्णिमानं बाजूच्या गवतातून चार टपोऱ्या आणून दाखवल्या. गोदाबाईनं दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही.

"टाका त्या, ताई."

"अहो मावशी, सारख्याच तर दिसतात."

"दिसायला सासूबी आईसारखीच दिसती."

दोघी खूप हसल्या. पण पूर्णिमाच्या मनात कुसळ राहिलं ते राहिलंच. परीक्षेत आपण अळंबीची आडवी चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली लावली होती, आणि इथं अंगठेबहाद्दर बाई आपल्याला 'टाका' म्हणते.

गोदाबाईनं प्रत्येक अळंबी शेपटीसकट उभी चिरली, सुतळीत ओवली आणि दोन दिवस घरच्या चुलीवर धुरात टांगली. अर्धी माळ पूर्णिमाला दिली. "बाल्कनीत वाऱ्याला ठेवा. कडकडीत झाली की डब्यात. दिवाळीपत्तोर जाती."

त्याच आठवड्यात, शनिवारी, सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर हिरवळीत मोठमोठ्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या. पूर्णिमा कादंबरीला फिरवायला गेली होती. उभ्या उभ्याच तिला वाटलं, ह्या त्याच. हाताला चिखल नको म्हणून ती घरून कात्री घेऊन आली आणि आठ अळंब्या जमिनीलगत कापल्या, अगदी स्वच्छ. धुऊन, चिरून त्याच माळेत ओवल्या. सोमवारी मावशींना दाखवू, मग बघू काय म्हणतात ते. पण रविवार मध्ये आला. पाऊस लागला, माळ दमट व्हायला लागली, आणि रस्सा केला. अभिनव असलं काही खात नाही. तिनं चवीपुरता खाल्ला, कादंबरीनं वाटीभर.

सोमवारी सकाळी, वरच्या सुनीतीबाई मुलीपाशी बसल्या म्हणून, मुलीचे कपडे न्यायला ती आणि अभिनव घरी आले होते. दारावरची बेल वाजली. आतल्या खोलीतून तिला सगळं ऐकू आलं.

"उद्यापासून येऊ नका," अभिनव म्हणाला. "तुमच्या अळंबीनं मुलगी सलाईनवर आहे."

बाहेर पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "आता कशी हाय?"

"आहे."

"साहेब, मी बघून दिलती."

"बघून?" अभिनव म्हणाला आणि दार लावलं.

पूर्णिमाच्या हातात कादंबरीचा पिवळा फ्रॉक होता. बाहेर जायला सहा पावलं होती. ती गेली नाही.

कादंबरी तिसऱ्या दिवशी घरी आली आणि आठवड्याभरात पूर्वीसारखी घरभर धावू लागली. सुनीतीबाईंनीही गोदाबाईचं काम बंद केलं. सदाशिव पेठेत तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाई, जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अळंबी दुकानात मिळते हो, पूर्णिमा. मुलगी नाही मिळत." पूर्णिमानं मान डोलावली. मुलीला पाळणाघरात घातलं. रोज संध्याकाळी पोर विचारायची, "गोदाआजी कधी येणार?" आणि पूर्णिमा तिला बिस्कीट द्यायची.

रात्री जेवल्यावर ती मुलीच्या कपाळाला हात लावून बघायची. ताप नसला तरी लावायची. ऑफिसमध्ये तर सुटकाच नव्हती. प्रत्येक रिपोर्ट एकाच ठिकाणी सुरू व्हायचा: पेशंटनं काय सांगितलं. सगळी पुढची औषधं त्या पहिल्या चार ओळींवर. टाइप करता करता तिची बोटं तिथंच अडखळायची.

उरलेली माळ तिनं वॉशिंग मशीनच्या मागे दडवली होती. तीन आठवड्यांनी टाकून द्यावी म्हणून बाहेर काढली. सहा तुकडे उरले होते. चारांना सुकलेल्या शेपट्या होत्या, धुराचा वास होता. दोहोंचे देठ सपाट कापलेले, आणि छत्रीच्या खालच्या पापुद्र्यांवर शेवाळासारखा मळकट हिरवा रंग चढलेला; शेपट्यांवाल्या चारांवर तो नव्हता. ते दोन तिनं कागदात गुंडाळले आणि शनिवारी गोदाबाईच्या गावची बस धरली.

बसमध्ये तिनं वाक्यं जुळवली. झालं गेलं विसरून जाऊ. परत या. कादंबरी आठवण काढते.

गोदाबाई ओट्यावर नुसतीच बसली होती. आत तिची सून, द्वारका, शेपूची भाजी निवडत होती.

"पोर?" गोदाबाईनं आधी हेच विचारलं.

"छान आहे. खेळते."

"देवानं वाचिवलं." गोदाबाईनं कपाळाला हात लावला. "ताई, माझीच नजर गेली बघा. साठ वरसं झाली, आईनं शिकिवलं तवापासनं एक चुकली न्हवती. आता न्हाई जात मी डोंगराला. व्हती न्हवती ती माळ उकिरड्यात टाकली. सून म्हनली, लेकरास्नी नगा देऊ. खरंच हाय तिचं. मी आता भाजीसुदिक निवडत न्हाई. काय जाईल हातून, काय सांगावं?"

पूर्णिमाला हे जुळवलेल्या वाक्यांत कुठंच बसवता येईना. तिनं फक्त 'होतं असं कधीकधी' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. गोदाबाईनं मान हलवली असती, चहा केला असता आणि सोमवारपासून कामावर आली असती, जन्मभर उपकार मानत. तोंड उघडलंही होतं. आतून द्वारका सासूला म्हणाली, "आत्या, उनात नगा बसू," आणि सत्तरीकडे झुकलेली ती बाई निमूट उठून सावलीत सरकली.

पूर्णिमानं पर्समधून कागद काढून तिच्या मांडीवर उलगडला.

गोदाबाईनं तुकडा उचलला. पालथा केला. देठावर अंगठा फिरवला.

"ही कुनी कापली?"

"मी. सोसायटीच्या मागं उगवली होती. तुमच्या माळेत मी ओवली, मावशी. तुम्हाला न दाखवता."

गोदाबाईनं तुकडा कागदावर परत ठेवला. मग तिचं 'तुम्ही' सुटलं आणि ती एकेरीवर आली.

"डाक्टरला सांगितलंस?"

"काय?"

"की दोन परकारची व्हती. की एक अशी कापलेली व्हती, गवतातली. त्यानं इचारलं आसंल की."

"विचारलं होतं."

"आन्?"

"तुमचं नाव सांगितलं."

"माझं नाव घेतलंस ते ऱ्हाऊ दे." गोदाबाईचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "लेकरू मरायला टेकलं व्हतं. त्याच्या पोटात काय गेलं ते तुला ठावं, आन् तू डाक्टरपासनं झाकलंस? तुझी अब्रू वाचाया?"

रोज रात्री मुलीच्या कपाळाला लावायच्या हातानं पूर्णिमानं तोंड झाकलं. गोदाबाईनं तिला रडू दिलं, जवळ घेतलं नाही.

"द्वारके, ये बाहीर. ताई काय सांगत्यात ते ऐक."

"मावशी, मी सांगितलं ना तुम्हाला."

"मला सांगून काय उपेग? मला तर आता कळलं. हिला सांग."

पूर्णिमानं पुन्हा सांगितलं. कात्री, प्लॉट, माळ. द्वारकाच्या हातात शेपूची जुडी तशीच राहिली. मग तिनं भाजी ठेवलेलं सूप उचललं आणि सासूच्या पुढ्यात ठेवलं.

"परत या कामावर," पूर्णिमा निघताना म्हणाली.

"तुझ्या घरी न्हाई. वरच्या बाईंस्नी सांग. नवऱ्याला सांग. तुझ्याच तोंडानं, माझं कोन ऐकंल?"

अभिनवला तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. तो उठून मुलीशेजारी जाऊन बसला. आठवडाभर कामापुरतंच बोलला. सुनीतीबाईंनी दारातच पुरतं ऐकून घेतलं.

"बॉटनी ना तुमची?"

"हो."

"फर्स्ट क्लास?"

"हो."

"तरीच. सेकंड क्लासवाल्या बाईनं मावशींना विचारलं असतं." मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "मीही विचारलं नाही म्हणा त्यांना. नंबर द्या, मी स्वतः बोलते."

पुढच्या सोमवारी जिन्यात ओळखीची पावलं वाजली. कादंबरी बूट एकाच पायात घालून दाराकडे धावली. गोदाबाई थांबली, पोरीची हनुवटी धरली, गालावरून हात फिरवला.

"तू आमच्याकडे ये ना," कादंबरी म्हणाली.

"मी वर चाललीया, माझी बाय."

पूर्णिमा उंबऱ्याच्या आत उभी होती. "पाणी देऊ, मावशी?"

"वर घेईन," गोदाबाई म्हणाली आणि कठड्याला धरून चढू लागली.