दोन कड्यांची खिडकी

मी खिडकी बोलतेय. पण मला रस्ता दिसत नाही, झाडही दिसत नाही. अचलपुरात दोन घरांच्या सामाईक भिंतीत मी आहे. एका तोंडाला दुर्गाबाईचा ओटा, दुसऱ्याला नईमाचा. त्यामुळे या दोन घरांतलं काही माझ्या कानावरून जात नाही असं होत नाही. खोड म्हणा हवं तर.

माझा जन्म कोणी ठरवून केला नाही. भिंत बांधताना परांचीचं लाकूड काढलं, तिथलं भोक बुजवायचं राहिलं. एक दिवस दुर्गाबाईनं त्यातून विरजण मागितलं. वाटी जाईना, म्हणून दोघींनी उलथन्यानं टोकरून चार विटा काढल्या. झाले मी खिडकी!

यंदा नईमाच्या अलीझाची बी.ए.ची परीक्षा आली. विषय अमेरिकेची राज्यघटना. पोरगी पोळ्या लाटताना मोठ्यानं पाठ करायची, इकडे दुर्गाबाई वांगी चिरत ऐकायची. मी तर मधेच.

"काकू, त्याईच्यावर समुद्रापलीकडचा राजा होता. न इचारता कर लावे. मंग त्याईनं लिहून टाकलं, सगळे माणसं जन्मानं सारखे, अन् ज्याईच्यावर राज्य करायचं त्याईची संमती पाह्यजे."

"बायाईले मत होतं काय?"

"नाही. गुलामाईलेही नाही. लिहिणाऱ्याईपैकी कितीकाच्या घरी तर गुलाम होते."

"मंग सारखे कोण, बाप्पा?"

अलीझाचं लाटणं थांबलं. "काकू, पेपरात इतकं नाही इचारत."

मी मात्र तिथंच अडकले. त्यांच्या घटनेची सुरुवात म्हणे 'आम्ही लोक' अशी आहे. मी अर्धी या घरात, अर्धी त्या घरात. मला कोणत्या 'आम्ही'त धरायचं?

अशात भलतंच झालं. दुर्गाबाईचे यजमान पुंजाराम, त्यांना शुगर. नईमाच्या नवऱ्यानं, बद्रुद्दीननं, त्यांना परतवाड्याच्या स्टँडवर जिलबी खाताना पाहिलं. नईमा भोळेपणी माझ्यातून बोलून गेली, "भाबी, भाऊची शुगर उतरली वाटते. जिलबी खाऊन राह्यले होते म्हने."

संध्याकाळी घरात रणकंदन! शेवटी पुंजारामांचा हात माझ्याकडे वळला. "या भोकातून सगळ्या चुगल्या येतात. उद्या गवंडी आणतो, बुजवूनच टाकतो!"

"नियम तुमीच केला, गवंडी तुमीच आणून राह्यले, अन् न्यायही तुमचाच," दुर्गाबाई म्हणाली. "अमेरिकेत हे तीन कामं तीन जागी ठेवतात, ठाऊक हाय?"

"अमेरिकेतल्या बाया नवऱ्याच्या जिलब्या मोजत नाहीत!"

सकाळी देवमन गवंडी आला. माल कालवला, विटा भिजवल्या. पलीकडून बद्रुद्दीन म्हणाले, "पुंजारामभाऊ, भिंत अर्धी आमची हाय. आमाले इचारलं काय?"

"तुमीच तर चुगली केली!"

तेवढ्यात इकडून दुर्गाबाईनं माझ्यात हात ठेवला, तिकडून नईमानं. देवमन थापी घेऊन उभा. "हात काढा नं बाई, माल वाळून राह्यला." हात काही निघाले नाहीत.

मग अलीझा हळूच बोलली. "काका, अमेरिकेची घटना लिहिणाऱ्या लोकाईचाही एकमेकांवर भरोसा नव्हता. म्हणून त्याईनं अशी सोय केली का एकाले दुसऱ्यानं अडवता यावं. दोन्ही तोंडाले एक एक दार लावा. ज्याची कडी त्याच्या हातात."

"म्हणजे मले बंद करता येईन?"

"येईन. बुजवता नाही येणार. अन् उघडायले दोन्ही घराची मर्जी लागन."

पुंजारामांनी बराच वेळ मिशी चोळली. शेवटी देवमनला म्हणाले, "जा, सुताराले पाठव."

तेव्हापासून मला दोन दारं आहेत. मी वाचले, असं सगळे म्हणतात. वाचलेच. पण आधी वाटी सरळ यायची, आता दोन कड्या निघेपर्यंत ओट्यावर थांबते. ही सुटका की बांधणी, मला अजून उमजत नाही.

त्यात कालचा प्रसंग. दुपारी दुर्गाबाई झोपलेली. पुंजारामांनी अलगद आपली कडी काढली आणि पलीकडच्या दारावर बोटानं टकटक केलं. "बद्रुद्दीन," ते कुजबुजले, "बाजारातून आले काय? जिलबी हाय काय?"

तिकडची कडी हलली.

आता दोन्ही घरांची मर्जी झाली, नियम पाळला गेला. पण जिच्या हातामुळे मी वाचले, ती आत झोपलेली, तिला कोणी विचारलं? आणि मला तरी कुठं मत आहे?

अलीझा, पेपर आटोपला की एवढं पाहून सांग गं बाई. अशा वेळी खिडकीनं काय करावं, हे त्या लोकांनी कुठं लिहून ठेवलंय काय?