रिकामी चौकट

मी एक चार्टपेपर बोलतोय, आकाशी रंगाचा. सरोजिनी नगरच्या दुकानात बादलीत गुंडाळून उभा होतो. सुरुचीनं मलाच ओढून काढलं. चौथीतल्या तिच्या रेवतीला शाळेनं काम दिलं होतं. येशू ख्रिस्त आणि हजरत मुहंमद पैगंबर, दोघांची तुलना करा, दोघांचे फोटो चिकटवा.

सुरुची सातवी शिकलेली. लग्न होऊन थेट दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली. मुलीच्या अभ्यासातलं तिला फार कळत नाही. एवढं तरी आपण करू, म्हणून तिनं पट्टी धरून माझ्यावर दोन चौकटी आखल्या. एक जरा तिरकी आली.

येशूंचा फोटो मिळाला. दुसरा मिळेना. "नहीं आता, दीदी," दुकानदार म्हणाला. तिला वाटलं, संपला असेल. मला काखेत मारून ती शेजारी मेहरूनताईंकडे गेली. ताई सोलापूरच्या, ऑफिसातून नुकत्याच आलेल्या.

"ताई, तुमच्याकडचा फोटो एक दिवस द्या ना. झेरॉक्स काढून लगेच परत देते."

ताई बघतच राहिल्या, मग हसल्या. "अगं बाई, दोन वर्षं इथं चहा पितेस. भिंतीवर कधी फोटो दिसला का? आमच्यात पैगंबरांचं चित्र काढत नाहीत. ती जागा रिकामीच ठेव."

सुरुचीनं जीभ चावली. मग चहा पिता पिता ताईंनी पैगंबरांचं लहानपण सांगितलं.

घरी रेवतीनं जन्म, गाव, ग्रंथ असं सगळं हिंदीत उतरवलं. दोघांनी गरिबांना जवळ केलं, माफ करायला शिकवलं, तेही लिहिलं. तळाशी सुरुचीनं मराठीत आपली ओळ घातली. 'एकाच्या आईनं मुलाला क्रुसावर पाहिलं. दुसऱ्याची आई तो सहा वर्षांचा असताना गेली.'

"मम्मी, हे थोडीच लिहितात!"

सुरुचीनं रेवतीला उगाच जवळ ओढलं.

शाळेत मिसनी विचारलं, "ये खाली क्यों है? फोटो नहीं मिला तो ड्रॉ करो. शनिवार को प्रदर्शनी है."

रेवतीनं तिथं नुसती मान डोलावली. घरी येऊन पेन्सिल घेऊन बसली. "मी काढते काहीतरी. मार्क्स कटतील माझे!"

पेन्सिलीचं टोक मला टेकलं. मी कागद. कुणी काही काढलं तरी मला नको म्हणता येत नाही.

सुरुचीनं तिचं मनगट धरलं. "शनिवारी मेहरूनताई बघायला येणार आहेत. तूच बोलावलंस ना? त्यांना काय वाटेल?"

"मग तू सांग ना मिसला! तू तर कधी शाळेत येतच नाहीस. नेहमी पप्पाच येतात."

पप्पा टूरवर आहेत.

आज शुक्रवार. आम्ही शाळेच्या गेटपाशी उभे आहोत. सुरुची ओठातल्या ओठात घोकतेय, "मैडम, वो... उनका फोटो नहीं होता..." गार्डनं दोनदा विचारलं, किससे मिलना है. तिनं मला इतकं घट्ट धरलंय की मला चुणी पडली. तिच्या तळव्याच्या घामानं माझी कड ओली झालीय.

अगं सुरुची, मला तोंड असतं तर मीच गेलो असतो आत. तुझी ती तळाची ओळ अजून आहे माझ्यावर. चौकटही अजून रिकामी आहे. एवढंच सांभाळलं मी. माझ्या गुंडाळीचा रबरबँड काढ, मला उलगड, आणि बोल. हिंदी चुकली तर चुकू दे.