एकच रास

ऑफिसात मला 'सुपरवुमन' म्हणतात. एकेकाचं थोबाड फोडावंसं वाटतं. सकाळी पोरीचा डबा, दिवसभर कृषी खात्याची नोकरी, सुट्टी आली की राहुरीला विद्यापीठात पीएचडीचं काम, आणि वर हे कौतुक!

माझं संशोधन ज्वारीच्या वाणांवर होतं. घरच्याच रानात लहान लहान वाफे पाडले होते. वाफ्यागणिक एक वाण, कडेला त्याची पत्र्याची पाटी. प्रत्येक वाफ्याची कणसं वेगळी खुडायची, वेगळी मळायची, वजनही वेगळं करायचं. कणसं मिसळली की सगळं मातीत. माझ्या गाईड सरांनी बजावलंच होतं, "हा शेवटचा हंगाम. यापुढे मुदतवाढ नाही."

नेमका काढणीच्या आठवड्यात पोरीला, अन्वीला, डेंग्यू झाला. नगरच्या दवाखान्यात ॲडमिट केलं. नवऱ्याची, गहिनीनाथची, साखर कारखान्यात सीझनची ड्यूटी. त्याला फोनवर सांगितलं, "आत्यांना म्हणावं, ज्वारीला हात लावू नका." तो "हो हो" म्हणाला आणि डबल ड्यूटीच्या गडबडीत विसरला. मी स्वतः आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, फोन का नाही केला? अहो, पोरीच्या प्लेटलेट खाली चालल्या होत्या, माझं डोकं ठिकाणावर होतं का?

तिसऱ्या दिवशी आत्यांचाच फोन आला. आवाज अगदी खुशीत.

"आभाळ लई आलंय गं. म्हनून सावड केली. आख्खी आळी आली बघ, दुपारपातूर तुझी समदी ज्वारी काढून टाकली. आता त्यांच्या रानात आपुन जाऊ. तू निवांत पोरीपाशी बस."

नणंदेला, सुरेखाला, बोलावून अन्वीपाशी बसवलं. अन्वी माझी ओढणी सोडेना. "आई, जाऊ नको ना." सोडवून घेतली आणि निघाले.

खळ्यावर कणसांची एकच रास. बायका चहा पीत बसलेल्या. आत्यांनी पाट्यासुद्धा उपटून, पुसून पोत्यात भरल्या होत्या. "गंजू नये म्हनून," म्हणाल्या.

मी चारचौघींत ओरडले. "वाटोळं केलंत माझं! कुणी सांगितला होता हा शहाणपणा?"

बायका कप ठेवून एकेक करत उठून गेल्या. सावडीला आलेल्या माणसांना आमच्या गावात असं कुणी बोलत नाही.

आत्यांना काहीच कळेना. मी रडत रडत समजावलं. मग त्या राशीपाशी बसल्या आणि कणसं निवडायला लागल्या. टपोरी एकीकडं, विरळ दुसरीकडं.

"आसं निवडल्यावर हुईल का गं?"

"नाही होणार. सोडा ते."

"थोडं तरी निघंल की."

"काही निघणार नाही, आत्या! संपलं. पाच वर्षं गेली माझी."

त्यांचे हात थांबले. पदरानं डोळे पुसले. मग माझ्याकडं बघून साधंच विचारलं, "मंग आता हितं कशाला थांबलीस? पोरगी तिकडं वाट बघत आसंल."

टोमणा असता तर चार शब्द सुनावता आले असते. तो टोमणा नव्हता. मी तोंडावर पाणी मारलं आणि नगरची गाडी धरायला निघाले.